अण्णांचा माळढोक

फोटो काढायच्या आधी अण्णा आपल्याला श्वास रोखायला लावत. कॅमेरा त्यांच्या हातात, डोळा त्यांचा, बोटही त्यांचंच. पण श्वास मात्र आजूबाजूच्या सगळ्यांनी रोखायचा. "रोखा की जरा," एवढंच म्हणायचे आणि मग इतका वेळ लावायचे की माझ्यासारख्या बैठ्या कारकुनाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात आम्ही दोघं होतो. मी हिशेबात, ते तपासणीत. विणकरांच्या घरातला माणूस. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. उजेडाखाली टॉवेल पसरायचा, त्यावरून हात फिरवायचा, तुटका धागा दिसला की निळ्या खडूनं त्याभोवती गोल काढायचा आणि टॉवेल बाजूला टाकायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मालकाचा मेहुणा मध्ये पडला तरी तो गोल पुसला जात नसे.

असा माणूस स्वतः काढलेल्या पक्ष्यांच्या फोटोंच्या बाबतीत मात्र भलताच उदार होता. कॅमेरा जुना, कुणाचा तरी वापरलेला. त्याला स्वस्तातली लांब पल्ल्याची झूम लेन्स. तिच्यातून पक्षी लहान दिसतो म्हणून कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसवायचा एक टेलिकन्व्हर्टर त्यांनी कुठून तरी मिळवला होता. ते त्याला नुसतं 'काच' म्हणत. ही काच लांबचं दुप्पट जवळ आणते. तुमच्यापैकी ज्यांना हा नाद आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ती जवळ आणते आणि त्या बदल्यात उजेड खाते. महागड्या लेन्सला ते झेपतं, आमच्या अण्णांची लेन्स मुळातच अशक्त. काच लावली की तिला पक्षी सापडायचा नाही, नुसती घर्रघर्र करत पुढंमागं व्हायची. मग हातानं कडं फिरवून जुळवायचं. उजेड कमी म्हणून शटर सावकाश, शटर सावकाश म्हणून श्वास रोखायचा. एवढं करून चित्र यायचं ते चहाच्या वाफेतून पाहिल्यासारखं.

"जवळ आलाय की नाही?" ते विचारत. आलेला असे. काय आलंय ते मात्र विचारून घ्यावं लागे.

मोटारसायकल माझी, त्यामुळे रविवार माझेही गेले. अण्णांच्या घरी वहिनी पहाटे उठून कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून द्यायच्या. लेन्स टेकवायला ज्वारी भरलेली एक छोटी उशी त्यांनीच शिवून दिली होती. ती मांडीवर घेऊन अण्णा मागं बसत आणि आम्ही नान्नजच्या माळावर जात असू. त्यांना माळढोक पाहिजे होता. लहानपणी वडिलांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून जाताना त्यांनी तो पाहिला होता. आता तो दिसला तर दिसला. "त्यो जायच्या आत एक फोटो पायजे, भाऊ," ते म्हणत. "घरात लावण्यासारखा." मी मान डोलवायचो. खरं सांगायचं तर रिकाम्या गवताकडे बघून बघून मला वीट आला होता. दुपारी उन्हानं माळ हलायला लागला की आम्ही भाकरी खाऊन परत यायचो.

आणि एका हिवाळ्यात, एकदा उशिरापर्यंत थांबलो असताना, दिवस कलताना तो आला. कच्च्या रस्त्याच्या पलीकडे गवतातून आधी पांढरी मान वर आली, मग डोक्यावरची काळी टोपी. घाईगडबड काही नाही, सावकाश चालत होता. मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. मी हळूच म्हणालो, काच काढा, उजेड कमी आहे, लहान आला तरी चालेल.

"लहान कशाला?" ते पुटपुटले. "इतकी वर्षं लांबूनच बघतोय की."

लेन्स घरघरली. त्यांनी कडं हातानं फिरवायला घेतलं. डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता, ते तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही दोघांनी श्वास रोखला. बटण दाबल्याचा आवाज झाला, आणि तो पक्षी चढावामागं उतरून गेला.

फोटोत एक तपकिरी डाग होता. त्याला वर एक पांढरट रेघ. कारखान्यात कुणी त्याला बाभळीचा खुंट म्हणालं, कुणी वाळत घातलेलं धोतर. अण्णांनी तो मोठा करून टीव्हीशेजारी लावला. आम्ही हसलो, ते चिडले नाहीत.

पुढं बऱ्याच दिवसांनी, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर, ते एकदा माझ्या टेबलाशी आले. हातात तो फोटो. त्यावर निळ्या खडूचा गोल होता. गोलात सगळा माळढोकच आला होता.

"काच काढायला पायजे होती, भाऊ," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. पुन्हा जाऊ, असं मी म्हणालो, आणि गेलोही. पण तोवर त्यांची छाती भरायला लागली होती. खोकल्याच्या उबळीत उशी मांडीवरून घसरायची. दुसऱ्याला श्वास रोखायला सांगणाऱ्या माणसाला स्वतःला तो रोखता येईना. त्यानंतरचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही.

महिन्याभरानं वहिनींनी कॅमेऱ्याची पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "ही घरात हाय तवर ऐतवारी पहाटे जाग येतीया. तुमी एकदा जाऊन या."

गेलो. एकटाच, मागची सीट रिकामी. लेन्समागची काच काढून खिशात ठेवली, उशीवर लेन्स टेकवली. पक्षी नव्हताच. जिथं तो दिसला होता तिथला एक फोटो काढला. सवयीनं श्वास रोखला गेला.

फोटो चोख आला. गवताची काडी न् काडी सुटी, लांबचा चढाव, वरचं आभाळ. तो घेऊन वहिनींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, फोटो उजेडाकडे धरला आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत शोधत राहिल्या. यात तो नाही, हे मी आधीच सांगायला हवं होतं. बघताना त्यांनी श्वास रोखून धरला होता, हे मला त्यांनी तो सोडला तेव्हा कळलं.