बर्फाने टाकून दिलेला बांध

भालेरावकाका दगडावर पाय ठेवण्याआधी त्याला काठीने दोनदा ठोकत आणि मान तिरकी करून ऐकत. हिमाचलातल्या एका हिमनदीवर माझा तो पहिलाच मोसम. मी किन्हवलीची, नवखी भूवैज्ञानिक. ते आमच्याच तालुक्यातल्या उंबरमाळीचे, आमच्या सर्वेक्षणातले सर्वांत जुने मदतनीस. चारचौघांत मला ‘मॅडम’ म्हणत. आजूबाजूला कोणी नसलं की, “बाय, जेवलीस का गो?”

हिमोढ मला पुस्तकातून ठाऊक होते. हिमनदी दगडमाती वाहून आणते आणि ती मागे सरकली की ढिगारे तिथेच उरतात. काकांना त्या ढिगाऱ्यांचा स्वभाव ठाऊक होता. दरीच्या कडेची उंच रांग दाखवून एकदा म्हणाले, “बर्फ थेट थितवर व्हता. आपण त्याच्या पोटात उभं हाव.”

त्या वर्षी हिमनदीच्या तोंडाशी नवं तळं साचलं होतं. त्याला अडवून धरणारा हिमोढाचा बांध आणि बांधाखाली वाळूचा छान सपाट पट्टा. तंबू मी तिथेच ठोकायला लावले. तिसऱ्या दिवशी दुपारी काका आले.

“मॅडम, तंबू हलवू. बांधाच्या पायथ्याचा झरा सकाळी नितळ व्हता, आता गढूळ झालाय. बांधाची माती आतनं वाहतेय.”

“एवढा रुंद बांध आहे, काका. आपल्या भातसा धरणासारखा.”

“भातसा माणसांनी ठोकून ठोकून बांधलंय. ह्यो बर्फानं जाताना नुसता टाकून दिलाय.”

मोजमापाचा दिवस बुडणार म्हणून मी चिडले. सगळ्यांसमोर त्यांना घाबरट म्हणाले.  ते माझी उपकरणांची पेटी खांद्यावर घेऊन चढण चढू लागले. मागोमाग तंबू गुंडाळून बाकीचे गेले, शेवटी मीही.

संध्याकाळी बांध फुटला. आमचे तंबू जिथे होते तिथून घराएवढे धोंडे गडगडत गेले. मी काकांचा हात धरला होता.   ते म्हणाले, “पेटी लय जड व्हती गो तुझी.”

ते निवृत्त झाल्यावर मी अहवालाचा मसुदा घेऊन उंबरमाळीला गेले. ‘भालेराव यांच्या सल्ल्यावरून मुक्काम हलवला’ या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“सल्ला कसला? आमी भ्यालो व्हतो. भ्यालो असं लिव. पुढं येणाऱ्यांना उपेग व्हईल.”

मी तसं लिहिलं. वरिष्ठांनी ते वाक्य कापलं, मी पुन्हा घातलं. छापील प्रत हातात येण्याआधीच काका गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी ती त्यांच्या फोटोजवळ ठेवून आले.

आता तुकडी माझ्या हाताखाली असते. तंबू ठोकण्याआधी मी सगळ्यांना विचारते, “कोणाला भीती वाटतेय का?” लोक हसतात. मी थांबते. यंदा आमच्या स्वयंपाक्याने हळूच हात वर केला. आम्ही मुक्काम हलवला. त्या जागी पुढे काहीच घडलं नाही. तरी मी त्याचे आभार मानले. काकांचे मानायचे राहून गेले होते.