वाटेवरचा फाळ

खिंड चढून वर आलो तेव्हा मी आंब्याच्या मुळीवर टेकले. ठमी उभीच राहिली. डोक्यावरची गोणसुद्धा तिने उतरवली नाही. एकदा खाली ठेवली की उचलताना दुप्पट जड होते, म्हणाली. धसई अजून खाली, भातखाचरांच्या पलीकडे होती. तिथल्या भंगारवाल्याचा ट्रक दसऱ्याच्या आधी माल भरून जातो हे दोघींनाही माहीत होतं. तो गेला असला तर आमचं चालणं फुकट.

नवरात्र होतं. नवरात्रात मी पायात काही घालत नाही, लग्नाआधीपासूनचा नेम आहे. मी तळव्यातली खडी काढत बसले ते बघून ठमी हसली.

"बाई, तुमची देवी नऊ दिस. माझी बारा महिने."

त्या दिवशी ती हसली ती तेवढीच.

ठमी आमच्या गावाबाहेरच्या वाडीतली. त्या वाडीवर मी अंगणवाडी चालवते, तेव्हाही चालवत होते. साल दोन हजारच्या आसपासचं असेल. वाडीत कुणाचा जमिनीचा तुकडा नाही. दिवाळी झाली की वीटभट्टीचा टेम्पो यायचा आणि घरंच्या घरं भांडीकुंडी, कोंबड्या घेऊन कल्याणच्या बाजूला जायची, ती पावसाच्या तोंडाशी परतायची. तेवढे महिने माझ्या अंगणवाडीत म्हातारी माणसं ऊन खात बसायची, पोरं नसायचीच.

ठमीची तानी लहान असताना भट्टीवर राखेत चालत गेली. वरून राख थंड दिसते, खाली निखारे असतात. उजव्या पायाची बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. परत आल्यावर ठमीने नवऱ्याला, सावळ्याला सांगितलं, की मी आता भट्टीवर येणार नाय आणि पोरीलाही नेणार नाय, तुला जायचं तर जा. सावळ्या तसा वाईट माणूस नव्हे. त्याने एवढंच विचारलं, मग खाशील काय?

मुरबाडहून सायकलवर भंगारवाले यायचे. फुटकी बादली, मोडकं कुलूप घ्यायचे आणि बदल्यात कांदे-लसूण द्यायचे. ठमीकडे सायकल नव्हती, काटा नव्हता, कांदे तर नव्हतेच. पण शिंदीचे झाडू ती उत्तम बांधायची. तिने ठरवलं, आपण भंगारावर झाडू द्यायचे. वाडीतल्या बायका म्हणाल्या, आपल्यातली बाई लोखंड मागत फिरली की लोक आधी चोर म्हणतील आणि मग भंगारवाली. सावळ्या म्हणाला, सुरुवात आपल्याच तव्यापासून कर, म्हणजे लांब जायला नको.

पहिल्या दिवशी गावात तिला कुणी दारात उभं केलं नाही. सगळं गाव फिरून ती आमच्या मागच्या पडवीशी आली. तिथे माझी धाकटी जाऊ, प्रेमा, तांदूळ निवडत बसली होती. प्रेमाचं माहेर भातसानगरचं, धरणाच्या कॉलनीतलं. माणसांच्या गजबजाटात वाढलेली पोर, तिला दिवसभर कुणीतरी बोलायला लागायचं. तिने ठमीला बसवलं, पाणी दिलं, तळाला भोक पडलेलं जर्मनचं पातेलं काढून आणलं आणि झाडू घेतला. ठमीने ते पातेलं कपाळाला लावलं.

"तुमच्या हातची भवानी झाली," ती म्हणाली.

"माझा हात चांगला आहे, बघ तू," प्रेमा म्हणाली. "रोज गोण भरेल तुझी."

मग तिला काय वाटलं कोण जाणे, बिघडलेला रेडिओ उघडून त्यातला चुंबक काढला आणि तोही दिला. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर ते महागाचं, एवढं शिकवलं. ठमीने चुंबक दोऱ्यात ओवून गळ्यात घातला, काळ्या मण्यांच्या शेजारी.

तशी ती या धंद्यात पडली. तिचे नियम होते. दारात उभं राहून मागायचं, अंगणात पडलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, धरणाकडे आणि रुळाकडे तर बघायचंही नाही. उंबरमाळीला तिचा भाऊ राघो राहायचा. तो सांगायचा, रुळाच्या कडेला बोल्ट नुसते पडलेले असतात. ठमी म्हणायची, पडले तरी ते रेल्वेचेच, आणि मार मात्र आपला. फक्त रानातलं, वाटेवरचं, ज्याला धनी नाही असं ती उचलायची. सावळ्या एकटा भट्टीवर जाऊ लागला आणि तानी शाळेत बसली. लंगडत जायची, पण जायची.

मग एका श्रावणात प्रेमा गेली. दिवस भरले होते, ओहोळाला पूर होता, आणि मुरबाडला पोचायच्या आत वाटेतच सगळं संपलं. मुलगी तेवढी वाचली. त्या आठवड्यात मागच्या पडवीत कुणीतरी एक नवा झाडू ठेवून गेलं होतं. कुणी ते मी विचारलं नाही, मला कळलं होतं.

आमच्याकडे असं मानतात, की बाळंतीण गेली तर ती लेकरासाठी माघारी येते. म्हणून अग्नी दिला तिथून घराकडे येणाऱ्या वाटेत, ओहोळाच्या काठी, जुन्या नांगराचा लोखंडी फाळ ठोकतात. लोखंड ओलांडून तिला येता येत नाही. माझा दीर हनुमान, प्रेमाचा नवरा, त्यानेच तो ठोकला. ठोके आमच्या पडवीपर्यंत ऐकू येत होते. बाळ माझ्या मांडीवर होतं. मी त्याच्या कानांवर हात ठेवले.

पुढच्या पावसाने काठाची माती वाहून गेली आणि फाळाचं डोकं उघडं पडलं. ठमी त्या वाटेने जात होती. तिला वाटलं, कुणाच्या नांगराचा जुना फाळ गळून पडलाय. तिने तो हलवून काढला आणि गोणीत टाकला. तिच्या वाडीत कुणाच्या घरी नांगरच नाही, तर फाळाची रीत कुठून असणार?

बाळाला ताप भरला, दूध पिईना. सासूबाईंनी हनुमानला ओहोळावर बघायला पाठवलं. तिथे नुसतं भोक उरलं होतं. गावात लोखंड कोण गोळा करतं हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सासूबाई वाडीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. घट बसलेत, म्हणाल्या, ते उठायच्या आत आमचा फाळ आला पाहिजे. नाही आला तर या गावात पाय टाकायचा नाही, आणि शेजारच्या गावांतही मी सांगून ठेवीन. कोणता फाळ, कशाचा, हे त्यांनी सांगितलं नाही. गेलेल्या सुनेचं नाव त्या तोंडातून काढत नसत. ठमीने काही नाकारलं नाही. हो, उचलला, धसईला विकला, आणून देते, म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर दिवाळीनंतरचा टेम्पो होता. गावं बंद झाली की तानी पुन्हा भट्टीवर.

फाळ ओळखणार कोण, म्हणून मी तिच्याबरोबर निघाले.

धसईत पोचलो तर ट्रक दुकानासमोर उभा, अर्धा भरलेला. दुकानदार आधी ऐकेचना. मग मी अंगणवाडीची बाई म्हटल्यावर म्हणाला, शोधा, पण माझी माणसं थांबणार नाहीत. त्याची माणसं एका बाजूने माल उचलून ट्रकमध्ये टाकत होती आणि दुसऱ्या बाजूने आम्ही ढीग उपसत होतो. पत्र्याने ठमीचा हात कापला तरी ती थांबली नाही. शेवटी एका सायकलच्या सांगाड्याखाली तो मिळाला. डावीकडचा कान तुटलेला, हनुमानच्या जुन्या नांगराचा. मी पाहताक्षणी ओळखला. ठमीने बदल्यात आख्खी गोण त्याच्या पुढ्यात ओतली.

"माल विकून परत न्यायला आलेली तू पहिलीच," दुकानदार म्हणाला. "उद्या झाडूही परत मागत फिरशील."

"तुमी कधी झाडू घेतलाच नाय शेठ," ठमी म्हणाली. "दुकानाकडं बघून कळतंय."

त्याची माणसं हसली. तिने पदरात फाळ गुंडाळला आणि चालू लागली.

एसटी उभी होती, पण सासूबाईंनी बजावलं होतं, की फाळ गाडीत घालायचा नाही आणि वाटेत जमिनीला टेकवायचा नाही. म्हणून परतही चालतच. मी थोडा वेळ धरते म्हटलं, तर तिने दिला नाही. तान्हं धरावं तसा छातीशी धरला होता. गळ्यातला चुंबक सारखा जाऊन त्याला चिकटायचा. ती ओढून सोडवायची, चार पावलं गेली की पुन्हा चिकटायचा.

खिंडीत आल्यावर तिने विचारलं, "बाई, एवढा गंजलाय हा. नांगराला तर लागायचा नाय. तुमच्या सासूला याचं काय एवढं?"

तोवर मी गप्प होते. आता गप्प राहणं मला जमेना. मी सांगितलं. कुणासाठी ठोकला होता, कुठे, का.

ती थांबली. किती तरी वेळ पदरातल्या त्या लोखंडाकडे बघत राहिली. वाटेच्या एका अंगाला दरी होती. तिने एकदा दरीकडे पाहिलं, मग मला दिसलं की तिने बोटं घट्ट केली.

"म्हंजे मी तिची वाट मोकळी केलती," ती म्हणाली. "न् आता मीच बांधाया नेते."

थोडं चालल्यावर तिने पोर कशी आहे विचारलं. मी म्हटलं, कालपासून ताप उतरतोय, दूध घेते थोडं.

"फाळ नसतानाच उतरला?"

"हो."

"मंग ताप तिनं आणलाता का?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. रोज संध्याकाळी घटापुढे दिवा लावते तेव्हा मीही देवीला तेच विचारते. अजून काही कळलेलं नाही.

आम्ही खिंड उतरू लागलो. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला चालण्यावरून कळत होतं. मध्येच पाऊल मंद व्हायचं, मग तानीची आठवण यावी तसं पुन्हा झपझप पडायचं.

ओहोळावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पलीकडे सासूबाई उभ्या होत्या. हळदकुंकू लावलेला हातोडा दगडावर ठेवला होता. हनुमानने सकाळीच सांगितलं होतं, की मी एकदा ठोकला, पुन्हा माझ्याच्यानं होणार नाही. मग घरातल्या सवाशिणीने ठोकावा असं ठरलं. घरात सवाशीण मीच. ठमीला ओहोळ ओलांडायची परवानगी नव्हती. फाळ जागेवर बसला, की उद्यापासून ती गावात फिरू शकणार होती, एवढा शब्द सासूबाईंनी दिला होता.

पाण्याच्या काठावर तिने पदर सोडला आणि फाळ माझ्या हातात दिला. चुंबक पुन्हा त्याला चिकटला होता. या वेळी तिने ओढला नाही, अंगठ्याने हळूच सुटा केला आणि चोळीच्या आत टाकला. मी एक पाय पाण्यात घातला होता, तेव्हा मागून तिने माझा दंड धरला.

"बाई, ठोकशाल तेवा हळू ठोका," ती म्हणाली. "माझी भवानी तिनं केलीय."