मागावरची गाठ

सोलापुरात फिजिओथेरपीचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते तेव्हा मला स्वतःचा भारी अभिमान होता. सांध्यांचे कोन मोजण्यात माझा हात धरणारं वर्गात कुणी नाही, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचे.

तेव्हा माझ्याकडे पन्नाशीचे एक मामा यायचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे. सायकलवरून पडून उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं तरी बोटं ताठच. मालकानं त्यांची जागा आणखी महिनाभर राखली होती, पुढे दुसरा माणूस घेणार होता. मी त्यांना स्पंजचा चेंडू दाबायला दिला, मणी उचलायला लावले. घरी ते काही म्हणता काही करत नसत. आठवड्याभरात माझा पारा चढला.

"मामा, बरं व्हायचंय की नाही तुम्हाला?"

"व्हायचं हाय की. पन म्याडम, चेंडू दाबून माग चालतो व्हय?"

मी तणतणत आमच्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले. पेशंट ऐकतच नाही म्हटलं. त्यांनी फाइल चाळली आणि विचारलं, "कोन सगळे लिहिलेत. हा माणूस हातानं काय काम करतो, ते कुठं लिहिलंय?"

कुठंच नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं मामांबरोबर कारखान्यात गेले.

आत नुसता खडखडाट. धागा तुटला की माग थांबवायचा, दोन्ही टोकं चिमटीत धरायची आणि कुठं अडकणार नाही अशी बारीक गाठ मारायची. मी करून बघितली. सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. "असं न्हाय ओ!" मामा माझ्या कानाशी ओरडले, धागा हिसकावून घेतला आणि मला शिकवण्याच्या नादात ती ताठ बोटं वाकवू लागले. चेंडूसाठी जी कधी वाकली नव्हती, ती.

चेंडू कपाटात गेला. आधी जाड दोरा, मग सूत. रोज ते मला गाठ शिकवायचे आणि मी त्यांच्या बोटांवर लक्ष ठेवायचे. "तुमाला मागावर कोन ठेवनार न्हाय," म्हणून हसायचे. पेशंटला आधी त्याचं काम विचारायचं, हे मी मामा आणि मॅडम या दोघांकडून शिकले. त्यांचे उपकार मी मानते.

महिना संपला त्या दिवशी मालक मागाशेजारी उभे राहिले. मीही गेले होते. धागा तुटला. मामांनी उजवा हात पुढे केला, टोक निसटलं. दुसऱ्यांदा चिमटी बसली, गाठ पडली, माग सुरू झाला. मालक होकारार्थी मान डोलावून निघून गेले.

मामा आता माझ्याकडे बघतील म्हणून मी डोळे पुसून उभी राहिले. त्यांनी बघितलंच नाही. पलीकडच्या मागावर धागा तुटला होता. ते तिकडे धावले होते.