एका ओळीचा शेरा

वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. वडील सार्वजनिक ग्रंथालयात शिपाई. एका मंगळवारी सकाळी वरच्या खणातले जुने खंड उतरवताना ते शिडीवरून पडले, डोकं फरशीवर आपटलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. चौकशी झाली. चार ओळींचा अहवाल आला : कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण लोक गप्प बसतात थोडेच! सकाळी सकाळी तोल जातो म्हणजे घेतलेली असणार, अशी कुजबुज सुरू झाली आणि महिन्याभरात ती खरीच होऊन बसली. आईचा स्वतःचा बाप दारूपायी गेलेला. दारूचा वास तिच्याइतका कुणाला कळणार? पण तिला विचारतंय कोण!

वडिलांच्या जागी मुलीला नोकरी देऊ केली गेली. आई म्हणाली, "त्या इमारतीत पाय ठेवायचा नाहीस."

"मग खायचं काय, आई?"

आई उठून आत गेली. सकाळी मात्र तिनं डबा भरून दारापाशी ठेवला. त्या दिवसापासून घरात 'ग्रंथालय' हा शब्द कुणी उच्चारला नाही. मुलगी 'कामावर' जायची आणि 'कामावरून' यायची, बस्स.

पहिल्याच दिवशी तिची नजर फरशीकडे गेली. मोठ्या कपाटापुढची एक फरशी बाकीच्यांपेक्षा पांढरी होती, नवी बसवलेली. वाचक नेमके तिच्यावर उभे राहून पुस्तकं चाळत. कित्येक महिने ती त्या कपाटाला वळसा घालून जायची. देवघेवीच्या खिडकीवरचा कारकून ते बघून म्हणायचा, "अगं, सरळ ये की! तुझ्या प्रदक्षिणा संपेपर्यंत वाचक म्हातारे होतील." स्वभावानं वाईट नव्हता तो, ती वळसा का घालते हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ग्रंथपाल सर मात्र हसणाऱ्यांतले नव्हते. उंच, काटकुळे, चष्म्याच्या काचा जाड आणि बोलणं त्याहून कडक. दुसऱ्या आठवड्यात तिनं एक पुस्तक भलत्याच खणात लावलं. सरांनी ते बाहेर काढून तिच्यापुढे धरलं. "हे तू मारलंस. आता दहा वर्षं हे कुणाला सापडलं नसतं."

'मारलंस' हा शब्द कानावर पडला आणि तिला रडू फुटलं. सर तिथेच खिळल्यासारखे उभे राहिले. मग पाठ फिरवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी वर्गीकरणाचा जाडजूड ग्रंथ तिच्या स्टुलावर आणून ठेवला. "वाच. नाही कळलं तर विचार."

तिथून तिची शाळा सुरू झाली. दुपारी दोन ते तीन वाचनकक्ष रिकामा असे. सर वीस पुस्तकांच्या पाठीवरचे क्रमांक कागदाच्या पट्टीनं झाकत आणि तिनं पुस्तक चाळून क्रमांक सांगायचा. चुकला की पुस्तक परत ढिगात. शाबासकी अशी त्यांनी कधी दिली नाही. सगळी वीस बरोबर आली, तर उद्या पंचवीस. पुढे ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेचा अर्ज त्यांनी स्वतः भरून आणला आणि "सही कर" एवढंच म्हणाले. बढतीच्या वेळी समितीपुढे ते तिच्यासाठी भांडले. "एवढी तयारीची मुलगी तुम्हाला टेबलं पुसायला हवीय का?" हे तिला नंतर कारकुनानं सांगितलं, तेही सरांची नक्कल करून.

वर्षं अशीच गेली. लग्नाचं राहून गेलं; आईला एकटं टाकायचं नव्हतं, शिवाय विचारायला आलेल्यांच्या कानावर वडिलांची 'ती' गोष्ट आधीच गेलेली असायची. पुस्तकं मात्र तिच्या हातात बसली. कुणी म्हणावं, "ते लाल पुठ्ठ्याचं, विहिरींबद्दलचं," आणि तिनं जागेवरून क्रमांक सांगावा. वाचकांनी तिचं नाव 'क्रमांकबाई' पाडलं. तिला ते मनातून आवडायचं. सर निवृत्त झाले तेव्हा अडतिसाव्या वर्षी ती त्यांच्या खुर्चीत बसली. ते रोज वर्तमानपत्रं वाचायला यायचे. गुडघे गेल्यावर दर शनिवारी ती त्यांच्या घरी पुस्तकं पोचवू लागली.

ग्रंथपाल होऊन तीन वर्षं झाली असतील. जुनी कार्यालयीन कागदपत्रं तपासून ठेवायची कोणती, नष्ट करायची कोणती, याची यादी करा, असं वरून पत्र आलं. मागच्या खोलीतल्या कपाटातले गठ्ठे सोडायला तिनं घेतले. कसर इतकी की हात लावला की कागदाचा भुगा. एका गठ्ठ्यात घडी घातलेली चिठ्ठी निघाली. अक्षर मोठं, गोल, शाळकरी मुलासारखं. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं. ते अक्षर ओळखायला तिला वाचावं लागलं नाही.

'मोठ्या शिडीची वरून तिसरी पायरी ढिली आहे. पाय ठेवला की हलते. कोणीतरी पडेल. नवी मिळावी ही विनंती.'

खाली तारीख, अपघाताच्या सात महिने आधीची. तारखेखाली हिरव्या शाईत, बारीक तिरप्या अक्षरात शेरा : 'यंदा बांधणीचे काम प्रथम. शिडीचे पुढील वर्षी पाहू.'

हेही अक्षर तिच्या ओळखीचं होतं. आकडे कसे काढायचे ते ती याच अक्षरावरून शिकली होती.

बाहेरून कुणीतरी एका पुस्तकाचा क्रमांक विचारला. तिनं सांगितला. बरोबर सांगितला.

शनिवारी तिनं पुस्तकांबरोबर ती चिठ्ठी सरांपुढे ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली आणि बराच वेळ तशीच धरली.

"माझंच अक्षर," ते म्हणाले.

"हो."

"त्या वर्षी एकच काम होण्यासारखं होतं. अडीचशे खंडांच्या पाठी सुटल्या होत्या. ते गेले असते तर परत मिळाले नसते. मला वाटलं, शिडीचं काय, जरा जपून चढतील."

"बाबा जपूनच चढत होते, सर."

सरांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. ती म्हणाली, "चौकशीत हे का नाही दाखवलंत?"

"नोकरी गेली असती."

"मग फाडून का नाही टाकलीत?"

त्यांनी मान वर केली. प्रश्न त्यांना कळलाच नाही जणू. "दप्तरातला कागद फाडायचा नसतो."

तिनं चिठ्ठी उचलून घडी घातली. "मला शिकवलंत ते यासाठी?"

"सुरुवातीला," सर म्हणाले. "नंतर नाही. नंतर तुला येत होतं म्हणून."

तिनं पिशवी उचलली. दारापर्यंत पोचली तेव्हा त्यांनी विचारलं, "पुढच्या शनिवारी?"

"पुस्तकं येतील," ती म्हणाली.

घरी तिनं आईला चिठ्ठी वाचून दाखवली, शेऱ्यासकट. आईनं दुसऱ्यांदा वाचायला लावली. मग विचारलं, "ज्यानं तुला शिकवलं, तोच ना हा?"

"तोच."

आई बराच वेळ हातातली वाटी पुसत राहिली. "काय करणार मग? शिकलेलं विसरणार आहेस थोडीच," ती म्हणाली आणि आत गेली. आत गेल्यावर ती रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मोठ्यानं.

मुलीनं वरच्या कार्यालयाला रीतसर पत्र लिहिलं : चिठ्ठीची प्रत जोडली आहे, अहवाल दुरुस्त करावा. उत्तर आलं, संबंधित अधिकारी निवृत्त आहेत. पुन्हा लिहिलं. उत्तर आलं, प्रकरण बंद आहे. तिसऱ्यांदा ती स्वतः गेली. तिथले साहेब कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, आता यानं काय फरक पडणार?"

"माझ्या आईला पडतो."

त्यांनी फाइल मागवली आणि चिठ्ठीची प्रत अहवालाला टाचून दिली. तेवढंच त्यांच्या हातात होतं म्हणे.

"'निष्काळजी' खोडलं?" आईनं विचारलं.

"नाही. त्याच्या शेजारी बाबांचं पत्र लावलंय."

आई भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही आणि पुढच्या वर्षी ती गेली.

शनिवारची पुस्तकं शिपायाच्या हाती जात राहिली. सर चिठ्ठीवर हवी ती नावं लिहून पाठवत, ती एकूण एक पुस्तक शोधून देई. ना तिनं कधी दोन ओळी जास्त लिहिल्या, ना त्यांनी. दोन वर्षांनी सर वारले. वाचनकक्षात शोकसभा झाली. त्यांच्या हाताखाली तयार झालेली म्हणून सगळ्यांनी तिलाच बोलायला उभं केलं.

"मला जे काही येतं, ते सरांनी शिकवलं," ती म्हणाली. पुढचं वाक्य आलं नाही. लोक वाट पाहत होते. बाईंना भरून आलं असं समजून कारकुनानं पाण्याचा पेला पुढे केला. तिनं तो घेतला, सगळा प्यायली आणि खाली बसली.