भात्याचा हात

खरं सांगते, हे मी ह्यांच्यासाठी केलं नाही. माझं मनगट सुटावं म्हणून केलं.

ह्यांना अर्धांगाचा झटका आला तो उजव्या बाजूला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. उरला एकच शब्द, ‘बरं’. भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं. डावा हात मात्र शाबूत, आणि तोही साधासुधा नव्हे, चाळीस वर्षं पेटीचा भाता मारलेला. मी उठले की तो हात माझं मनगट धरायचा. दूध उतू चाललंय म्हटलं तरी सोडायचा नाही. कामोठ्यातल्या ह्या दोन खोल्यांत वर्षभर मी अशी अडकून बसले. खाली रिक्षावाले भांडायचे, क्लास भरायचे, सुटायचे. मी खिडकीतून बघायचे. मंगळवारी चार वाजता आमच्या भजनी मंडळात जायचं, एवढंच मला हवं होतं. एक तास. जास्त नाही.

लेक पुण्याहून नातीचा कीबोर्ड घेऊन आली. नातीला त्याचा कंटाळा आला होता. पेटी एका हाताने वाजत नाही, भाता कोण मारणार? कीबोर्डला भाताच नाही. चाल मी वाजवायची, खालच्या कॉर्ड्स ह्यांनी. एकदा नाद लागला की मी हळूच उठेन, असा माझा बेत.

पहिल्या दिवशी मी एका बोटाने आमची गौळण सुरू केली, आणि ह्यांचा डावा हात सरळ कीबोर्डच्या पाठीमागे! लागले भाता मारायला. कीबोर्ड सरकत सरकत आमच्या मांडीवर आला.

"अहो, ह्याला हवा नाही लागत, वीज लागते!"

"बरं," हे म्हणाले आणि परत ढकललं. शेवटी मी कीबोर्ड जुन्या ओढणीने टेबलाला बांधून टाकला.

कॉर्ड म्हणजे तीन सूर एकदम. मला वाटलं, तंबोऱ्यासारखं सा-ग-प धरून ठेवलं की झालं. ह्यांची बोटं मीच पट्ट्यांवर ठेवली. पहिली ओळ गोड लागली. दुसऱ्या ओळीत चाल धैवतावर जाऊन बसते, तिथे असं काही खडबडलं की ह्यांनी तोंड वाकडं केलं. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून माझं डोकं पिकलं. एवढंच कळलं, की चाल जिथे टेकते तो सूर ज्या तिघांत असेल ते तीन खाली घ्यायचे. धैवताला म-ध-सा. शेवटी रिषभावर येते तिथे प-नी-रे. कॅलेंडरच्या पाठीवर गौळण लिहिली, शब्दांखाली हे सूर लिहिले. वाजवून बघितलं. "बरं!" हे म्हणाले, आणि त्या दिवशी ते खरंच बरं होतं.

महिनाभरात बोटं आपोआप बदलायला लागली. एका जागी मी चुकीचं लिहिलं होतं, तिथे माझ्या हातावर टिचकी मारून ह्यांनीच योग्य ते दाबून दाखवलं. मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू?

मग तो मंगळवार. शेजारणीला ह्यांच्याजवळ बसायला बोलावलं, साडी बदलली. गौळण सुरू केली आणि पहिल्या ओळीतच उठले. मनगट कुणी धरलं नाही. दारात जाऊन चपला घातल्या. मागे सा-ग-प वाजत होतं. दुसऱ्या ओळीची वेळ आली, गेली, तरी तेच. वळून बघितलं तर हे माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, बोटं दाबून, चाल पुढे जायची वाट बघत बसलेले.

"अहो, वाजवा ना तुमचं तुम्ही!"

"बरं," म्हणाले. बोटं तशीच.

इतका संताप आला म्हणून सांगू! धरलं असतं तर हिसडा देऊन गेले असते. आज धरलंच नव्हतं, तर हिसडा कुणाला देऊ?

"तुम्ही जा हो, मी बघते," शेजारीण म्हणाली.

"काय बघणार तुम्ही?" मी उगाच तिच्यावर डाफरले. डोळ्यांना पाणी आलं होतं, ते पुसलं आणि चपला काढल्या. दुसरी ओळ दारातूनच म्हणायला लागले. धैवत लागला, आणि ह्यांची बोटं म-ध-सा वर गेली.