काचेतली अव्वा

धुळाप्पा पाणीपुरवठ्याच्या हापिसातून रिटायर व्हायला चार दिवस उरले होते आणि सगळं हापिस एकाच गोष्टीवर भांडत होतं. निरोपाला त्याला द्यायचं काय, कॅमेरा का स्कॅनर? गोष्ट दोन हजार दहाची. तेव्हा मोबाईलच्या फोटोत माणूस आहे का म्हैस, तेही कळायचं नाही.

मूळ कारण चंद्रव्वा. धुळाप्पाची धाकटी बहीण, केम गावाला दिलेली. रविवारी तिच्या नातीचं बारसं होतं, आणि नाव अव्वाचं, म्हणजे या दोघांच्या आईचं, ठेवणार होते. "अण्णा, अव्वा तुज्याच घरात किती वर्सं? मला बी एक फोटो दे की. कॉम्प्युटरवर पाठीव, आमचा पोरगा शिवू मोठा करून आणतोय." चंद्रव्वा दीड वर्षाची असताना अव्वा गेली. फोटो एकच, धुळाप्पाच्या देवघरात. स्टुडिओवाल्याच्या हातात तो द्यायला धुळाप्पा मेला तरी तयार झाला नसता.

"स्कॅनर घ्या," शिवयोगी क्लार्क म्हणाला. "फोटो पालथा टाकला, झाकण लावलं, काम खलास."

"आन् नातू झाल्यावर?" ईश्वरप्पा शिपाई म्हणाला. "त्याला बी पालथा घालून झाकण लावणार व्हय?"

सगळे हसले. पण धुळाप्पानं स्कॅनरच सांगितला.

घरी येऊन त्यानं फ्रेमचे खिळे काढले, तर फोटो काचेला गच्च चिकटलेला! दर श्रावणात काचेवरचं ईबत्तीचं भस्म आणि कुंकू निघावं म्हणून तो देवाच्या भांड्यांबरोबर फ्रेमही नळाखाली धरायचा. जरासं ओढलं तर अव्वाच्या पदराचं टोक काचेलाच राहिलं. धुळाप्पानं झटकन हात मागं घेतला.

"तीस वर्सं सासूबाईंस्नी अंगोळ घालताय," सिद्धेश्वरी, त्याची बायको, म्हणाली. "आता सोडंल व्हय ती काच?"

काचेसकट ठेवावं तर स्कॅनरपेक्षा काचच मोठी. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून तो हापिसात म्हणाला, "कॅमेराच द्या." ईश्वरप्पानं टाळ्या वाजवल्या.

शुक्रवारी निरोपात कॅमेरा मिळाला, आणि शनिवारी सकाळी धुळाप्पानं अंगणात फोटो काढायला सुरुवात केली. तर प्रत्येक फोटोत, अव्वाच्या इरकली लुगड्यावर, बरोब्बर मांडीत, टोपी घातलेला धुळाप्पा! काचेत त्याचाच चेहरा पडत होता. डावीकडून काढा, उजवीकडून काढा, हा आपला मांडीत हजर. शेवटी सिद्धेश्वरीनं त्याच्यावर काळी घोंगडी टाकली, नुसतं कॅमेऱ्याचं भिंग बाहेर ठेवलं, आणि अकराव्या फोटोत अव्वा एकटी, स्वच्छ आली. त्यांची कॉलेजातली पोरगी दानेश्वरी नेटकॅफेवर पळाली आणि घाईघाईत अकराच्या अकरा फोटो पाठवून आली.

रविवारी केमला पोचल्यावर धुळाप्पा आधी पाळण्यापाशी गेला, आणि उभाच राहिला. पाळण्यामागं नव्या फ्रेमीत, हार घालून, अव्वा. आणि मांडीत तो, टोपीसकट.

"अगं चंद्रव्वा, ह्यो चुकीचा! चांगला येगळा हाय की!"

"चांगला तितं आत लावलाय." चंद्रव्वानं डोळे पुसले. "ह्यो मीच निवडला. अव्वाच्या मांडीवर बसल्यालं मला काय बी आठवत न्हाय रे. तू तर बसलास."

 धुळाप्पानं गळ्यातला कॅमेरा काढला, तिच्या गळ्यात घातला आणि तिला फ्रेमच्या काचेसमोर आणलं.

"हितं हुबी ऱ्हा. अजून पुढं. थोडी वाक. दिसतीस का मांडीत?"

"दिसतीय की!" चंद्रव्वा ओरडली. "अण्णा, सरक तिकडं, आता माजी पाळी!"