खाडीच्या चिखलातला लाल रंग

ज्या मावशींच्या अंगणासमोर माझी होडी उभी असते, त्यांनी प्रेमाने दिलेल्या शिवल्या, म्हणजे खाडीतले खायचे शिंपले, मी दोन वर्षं कचराकुंडीत टाकत आलो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मी घरी आलो की ती विचारते, "आज मावशींनी काही दिलं नाही?" मी म्हणतो, "ओहोटीच धड नव्हती." आणि हात धुवायला आत जातो.

होडी म्हणजे सोळा फुटी, फायबरची, एका शिडाची. जुनीच घेतली. राहतो डोंबिवलीत, नोकरी नौपाड्यात, आणि होडी ठाण्याच्या खाडीकाठी, कोपरीच्या पुढे. मावशींचं घर तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पहिल्या दिवशी भाड्याचं विचारलं तर त्या भडकल्या. "जागा खाडीची हाय. भाडा कसला घ्याचा?" त्यांच्याकडे पैशाची बोलणी होत नाहीत. ओहोटीला चिखलात हात घालून त्या शिवल्या काढतात, आणि मी निघालो की एक पिशवी स्कूटरला अडकवतात. नको म्हणायची सोय नाही.

होडी सतत पाण्यात राहिली की तळाला शेवाळ धरतं, वर टणक कवचाचे जीव चिकटतात, आणि मग वारा भरपूर असूनही ती जागची हलत नाही. म्हणून तळाला वेगळा रंग लागतो. त्यात तांबं असतं. ते हळूहळू पाण्यात सुटतं आणि चिकटणारे जीव मारतं. त्याचे दोन प्रकार. एक मऊ, स्वतःच थर सोडत जाणारा. लावायला सोपा, स्वस्त. दुसरा कडक, जागच्या जागी राहणारा. त्याला आधी तळ घासून अस्तर द्यावं लागतं, दोन रविवार मोडतात.

नौपाड्यातल्या रंगाच्या दुकानात मी महिनाभर फेऱ्या मारल्या. डबे उलटेसुलटे करून बारीक अक्षरं वाचायचो, परत ठेवायचो, घरी जायचो, पुन्हा यायचो. दुकानदार वैतागून म्हणाला, "साहेब, लोक जावई एवढा पारखून घेत नाहीत!" मी हसलो. खरं तर मला हवं होतं ते उत्तर डब्यावर सापडत नव्हतं. जे होतं ते स्पष्ट होतं: जलचरांना घातक, गाळात साठतो. माझी होडी रोज ओहोटीला गाळावरच बसते. मऊ रंग तिथे पुसला जाणार, हे कळायला शिक्षण लागत नाही. मी मऊच घेतला. दोन रविवार वाचले.

रंगवायच्या दिवशी आधी जुना थर खरवडायचा होता. खाली अंथरायची ताडपत्री मी घरी विसरलो होतो. परत जाऊन आणेपर्यंत भरती आली असती. तसाच बसलो घासायला. लाल पापुद्रे चिखलात पडत होते, मी ते पायाने दाबत होतो. मावशी दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"आमचे होडीला पयले चुना न तेल लावाचे. यो लाल कसला?"

"साधाच रंग, मावशी. शेवाळ धरत नाही."

"मंग आमचे पायरीला पण लाव जरा. सून दोनदा घसरली, कंबर धरून बसते न् कामाला माझे नावानं बोंब!"

आतून सुनेचा आवाज आला, "कंबर माजी, न् बोंब कोन मारतंय?"

मी म्हणालो, "उरला नाही." डबा अर्धा भरलेला होता. पायरीचं मी टाळलं, म्हणजे रंग विषारी आहे हे मला माहीत होतं. तरीही, ज्या चिखलात त्या रोज हात घालतात, त्याबद्दल मी गप्प राहिलो.

पुढच्याच आठवड्यात पिशवी आली. "नातीनं वेगल्या काढल्यान तुझेसाठी. तिला लय आवडतान, रोज पायजेत." पिशवी स्कूटरला लोंबकळत होती. कळवा ओलांडला, थांबलो, पिशवीकडे पाहिलं, पुन्हा निघालो. डोंबिवलीत शिरल्यावर कचराकुंडी दिसली. त्यानंतर दर वेळी तीच कुंडी.

किती विष आणि किती माझी धास्ती, हे मला ठाऊक नाही. चिखल तपासून घेता आला असता. घेतला नाही. कारण अहवाल हातात आला असता तर तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड उघडलं की जागा गेली. एवढंच कारण आहे. मी ते बरेच दिवस स्वतःलाही वेगळं करून सांगत होतो: त्या घाबरतील, खाडीत तशीही कारखान्यांची घाण येते, माझ्या एका होडीने काय होणार.

यंदा मी कडक रंग आणला. ताडपत्री अंथरली, घासलेला कण अन्‌ कण गोळा करून नेला. वाटलं होतं जरा मोकळं वाटेल. मावशी बघत होत्या. शेजारणीला हाक मारून म्हणाल्या, "बघ गो, मानूस कसा साफ! दारात कचरा ठेवीत नाय." शेजारीण म्हणाली, "आमचे पोरांना शिकव रे भाऊ." सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी ताडपत्रीची घडी घालत राहिलो. चार वेळा घातली, चार वेळा मोडली. मग निघालो. पिशवी होतीच.

त्या घरात अजून तिथल्याच शिवल्या शिजतात. होडीची जागा राहो की जावो, मावशींच्या दारात उभं राहून मला त्यांना सांगायचं आहे की तो रंग साधा नव्हता, मला ते तेव्हाच माहीत होतं, आणि चिखल तपासून होईपर्यंत नातीला तिथल्या शिवल्या देऊ नका. एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.